पळालेला आणि परतायचा राहिलेला

प्रश्न असा आला आहे: "माझा मावसभाऊ पलटणीत शिपाई आहे. सुट्टीवर आला होता. सुट्टी संपून १९ दिवस झाले, अजून गेलेला नाही. गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो, भगोड्याला गोळीच घालायला पाहिजे. दुसरा म्हणतो, नोकरीच ती, नाही जमली तर सोडली, त्यात शिक्षा कसली? तुमचं मत काय? आम्ही खानापूर तालुक्यातले."

मत सांगतो, पण आधी एक हिशेब. १९ झाले, म्हणजे तीस दिवस भरायला अजून ११ दिवस हातात आहेत. ते संपले की माझ्या मताला काही किंमत नाही आणि गावाच्याही नाही. पुढे सगळा कागद बोलतो.

मी मराठा लाइट इन्फंट्रीत क्लार्क ट्रेडचा माणूस. २८ वर्षं करून नायब सुभेदार म्हणून पेन्शन आलो, आता बेळगावात राहतो. गैरहजेरीचे रिपोर्ट, कोर्ट ऑफ इन्क्वायरीची, म्हणजे फौजेतल्या चौकशीची प्रोसिडिंग, चार्जशीट, हे सगळं माझ्या हातांनी टाइप झालंय. पूर्वी टाइपरायटरवर, नंतर कॉम्प्युटरवर. आता उलटं झालंय. तसलेच कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लोक माझ्या घरी येतात आणि विचारतात, "साहेब, यात काय लिवलंय बघा की."

तर मत. पळून जाणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. यावर माझ्या मनात दुमत नाही, आणि त्याचं कारण देशभक्तीच्या भाषणातलं नाही. सुट्टीच्या तक्त्यातलं आहे.

पलटण फील्डमध्ये असली की एकावेळी किती जणांना सुट्टीवर सोडायचं ते ठरलेलं असतं. एक आला की दुसरा निघतो. हा तक्ता माझ्या टेबलावर असायचा. एका वर्षी आम्ही उंचावर होतो, बर्फाने रस्ता बंद व्हायचे दिवस जवळ आले होते. चिकोडीकडचा एक पोरगा, बहिणीचं लग्न, सुट्टी मंजूर, बॅग भरलेली. त्याच्या आधी गेलेला जवान ठरल्या दिवशी आला नाही. चार दिवस वाट बघितली, आठ दिवस बघितली. २४ व्या दिवशी तो उगवला, साहेबांपुढच्या पेशीत म्हणाला, घरी काम होतं. तोवर लग्न होऊन गेलं होतं. चिकोडीचा पोरगा कुणाला काही बोलला नाही. लग्नाच्या दिवशी संध्याकाळी माझ्या टेबलापाशी आला, भिंतीवरचा तक्ता थोडा वेळ बघत उभा राहिला आणि रात्रीच्या संतरी ड्युटीला गेला. ती ड्युटीसुद्धा त्याच्या वाट्याची नव्हती, न आलेल्याची होती.

पलटणीत एक माणूस कमी म्हणजे त्याचं काम कमी होत नाही, ते शेजारच्याच्या अंगावर पडतं. शांततेच्या जागी ते दोन तासांच्या पहाऱ्यावर भागतं. गोळी चालू असेल तिथे शेजारच्याचा जीव जातो. म्हणून "नोकरीच ती" हे म्हणणं मला पटत नाही. कसम परेडच्या दिवशी प्रत्येकानं शपथ घेतलेली असते, जमिनीवरून, पाण्यातून, हवेतून जिथे पाठवतील तिथे जाईन, जिवाला धोका असला तरी. बेळगावच्या कॅम्पातल्या परेडच्या मैदानावर किती आईबाप आपल्या गावाकडून गाड्या करून ही परेड बघायला येतात, डोळ्यात पाणी आणतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ नं संसदेला फौजेतल्या माणसाचे मूलभूत हक्क मर्यादित करायचा अधिकारच दिलाय. कारखान्यातला कामगार राजीनामा टाकून दुसऱ्या दिवशी घरी बसतो. जवानाला तशी सोय नाही. स्वतःच्या विनंतीवरून डिस्चार्ज मागता येतो, घरची अडचण दाखवून जवळची पोस्टिंग मागता येते, पण त्याला अर्ज लागतो, मंजुरी लागते, वेळ लागतो. २०२२ पासून आलेल्या अग्निवीरांना तर चार वर्षांच्या आत स्वतःहून बाहेर पडणं जवळपास बंदच आहे, अगदी अपवादात्मक कारण असेल तरच. पण दार अरुंद आहे म्हणून भिंतीवरून उडी मारायची असं होत नाही.

आता पहिल्या तटाकडे वळतो, गोळी घालणाऱ्यांकडे. यांतले बहुतेक लोक पलटणीत कधी गेलेले नसतात, हा माझा अनुभव.

आर्मी ॲक्ट १९५० मध्ये दोन वेगळी कलमं आहेत आणि सगळा घोळ ती एक समजण्यात होतो. कलम ३८ डिझर्शनचं, म्हणजे पळून जाण्याचं. ॲक्टिव्ह सर्व्हिसवर, म्हणजे लढाईच्या कामगिरीवर असताना किंवा तिकडे जायचा हुकूम निघालेला असताना पळाला तर कायद्यात मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. एरवी सात वर्षांपर्यंत कैद. कलम ३९ बिनपरवानगी गैरहजेरीचं आणि सुट्टी संपूनही न येण्याचं, त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं. दोन्हीतला फरक दिवसांचा नाही, मनातल्या इराद्याचा आहे. परत यायचंच नाही, किंवा ठराविक धोक्याची ड्युटी चुकवायचीय, असं ठरवून गेला तो पळाला. यायचं होतं पण राहिला तो गैरहजर. १९८६ साली कॅप्टन वीरेंद्र कुमार यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानंही हाच भेद धरला: नुसती गैरहजेरी, ती लांबली तरी, इरादा सिद्ध झाल्याशिवाय डिझर्शन होत नाही.

मग इरादा कळतो कसा? आम्ही काय बघायचो ते सांगतो. काळी ट्रंक बराकीत तशीच आहे की आधीच घरी पोचवलीय. आयकार्ड कुठे आहे. पलटण वर काश्मीरला निघायचा हुकूम आला त्यानंतर हा गायब झाला का. इतके दिवस कुठे होता, घरी आईच्या उशाशी की दुसऱ्या गावात दुसऱ्या नावानं नोकरीत. आणि सगळ्यात वजनदार गोष्ट, स्वतःच्या पायानं आला की पोलिसांनी आणला. शेवटच्या एका ओळीवर चार्जशीटचं कलम बदललेलं मी पाहिलंय.

मृत्युदंड माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही फाइलमध्ये मी पाहिला नाही. पाहिलं ते बहुतेक असं: दहा-पंधरा दिवस उशीर, पेशी, सीओ साहेबांसमोर, म्हणजे पलटणीच्या मुख्य अधिकाऱ्यासमोर, टोपी-बेल्ट काढून मार्च, कलम ८० खाली २८ दिवसांपर्यंतची कोठडी, शीट रोलवर, म्हणजे नोकरीच्या नोंदपत्रावर, लाल शाईची नोंद, गैरहजर दिवसांचा पगार कापला, आणि महिन्याभरानं तोच जवान लंगरमध्ये सगळ्यांबरोबर हसत जेवतोय. जास्त मोठं प्रकरण असेल तर समरी कोर्ट मार्शल. ते सीओ स्वतः चालवतात, आणि ते लेफ्टनंट कर्नल किंवा वरचे असले तरी एक वर्षापेक्षा जास्त कैद देऊ शकत नाहीत.

या कायद्याला माफी कळत नाही असं गावात समजतात. तसं नाही. कलम १२२ मध्ये एक पोटकलम आहे जे मला फार शहाणपणाचं वाटतं. ॲक्टिव्ह सर्व्हिसवरचं पळणं सोडून एरवी पळालेला जवान नंतर परत येऊन सलग तीन वर्षं नमुनेदार नोकरी करून दाखवत असेल तर त्या जुन्या पळण्याबद्दल त्याच्यावर खटला चालत नाही. अधिकाऱ्याला ही सवलत नाही, जवानालाच आहे. ज्यानं हे लिहिलं त्याला पलटण कळत होती.

आता ते ३० दिवस. कलम १०६ सांगतं की जवान ३० दिवस विनापरवाना गैरहजर राहिला की कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. तो नाही, त्याच्याकडचं काय काय सरकारी सामान कमी आहे, याची नोंद होते. स्लीपिंग बॅग एक, बूट एक जोडी, असं सगळं. मग त्याच्या गैरहजेरीची घोषणा कोर्ट-मार्शल बुकात चढते, आणि तो परत आला नाही किंवा सापडला नाही तर कायद्याच्या नजरेत तो डिझर्टर धरला जातो. बाहेर बसलेल्याला यातलं काही कळत नाही. तो विचार करत असतो, "आता ही लावणी झाली की जातो."

आपल्या भागातली पोरं राहतात कशानं, हे इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. खानापूरकडे जुलैत पाऊस धरला की रोप लावणी, घरात बापाचं गुडघं गेलेलं, गडीमाणूस मिळत नाही. मग गणपती. मग सुगी. भावाभावांत वाटणी, त्यात हा सुट्टीपुरता आलेला आणि दुसऱ्यानं कोपऱ्यातलं नापीक शेत ह्याच्या नावावर टाकलेलं. सासू-सून. कर्ज. दारू, हो, तीही. गोव्याचा रस्ता जवळ आहे. गेल्या काही वर्षांत मी आणखी एक बघतोय, झोप नाही, बोलत नाही, खोलीतून बाहेर येत नाही. घरचे म्हणतात बाहेरचं लागलंय आणि अंगारा आणतात. त्याला मिलिटरी हॉस्पिटलात न्यायचं असतं हे कुणाला सुचत नाही. शत्रूच्या गोळीला भिऊन घरी बसलेला असा मला २८ वर्षांत एखाद-दुसराच भेटला असेल.

एक आई आली होती. जांबोटीच्या पुढच्या एका वाडीतून, दोन गाड्या बदलून. तिच्याजवळ दोन कागद होते. एक इंग्रजीत, पोराच्या पलटणीकडून आलेलं पत्र: तुमचा मुलगा अमुक तारखेपासून गैरहजर आहे, ठावठिकाणा माहीत असल्यास त्याला ताबडतोब हजर व्हायला सांगा. दुसरा कन्नडमध्ये, पोलीस ठाण्यातून आलेला. गैरहजर माणसाची माहिती पलटण त्याच्या गावच्या पोलिसांना कळवते, त्याला आमच्यात ॲप्रिहेन्शन रोल म्हणतात. बाई मराठी शाळेत चौथी शिकलेली. दोन्ही कागद तिला सारखेच परके. इंग्रजी पत्राच्या कोपऱ्याला हळदीचं बोट उमटलेलं होतं. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "पलटणीचं पत्र आलं म्हणून देवापुढं ठेवलं होतं." पत्रावरची तारीख चौदा महिन्यांपूर्वीची होती.

पोरगा गोव्यात एका हॉटेलच्या गेटवर सिक्युरिटीचं काम करत होता. आईला सांगायचा, पलटणीनं इथे पाठवलंय. अकरा वर्षांची नोकरी होती त्याची. माझ्या सांगण्यावरून तो हजर झाला, कोर्ट मार्शल झालं, कैद झाली आणि बडतर्फ झाला. त्या पत्राच्या तारखेला गेला असता तर बहुधा लाल शाईच्या एका नोंदीवर निभावलं असतं. पत्र मराठीत का येत नाही, हा सीमाभागातला प्रश्न नव्हे, साध्या अकलेचा प्रश्न आहे. भरतीच्या फॉर्मवर मातृभाषा लिहून घेतात, ती कुठेतरी वापरावी. असो.

घरच्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. पळालेल्या जवानाला जाणूनबुजून आसरा देणं हा साध्या नागरिकालाही गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १६४ मध्ये आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. जुन्या कायद्यात नवऱ्याला आसरा देणाऱ्या बायकोला सूट होती, नव्यात नवरा किंवा बायको दोघांनाही आहे. आईला जुन्यातही नव्हती, नव्यातही नाही. भाऊ, मावशी, मावसभाऊ यांनाही नाही. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्यानं स्वतःकडेही जरा बघावं.

शिक्षा व्हावी म्हणणारा मी, पण दोन ठिकाणी मला ही व्यवस्था खटकते.

पहिलं, पेन्शन. डिझर्टर म्हणून जो सापडतच नाही त्याला फौज शेवटी बडतर्फ करते: साध्या प्रकरणात तीन वर्षांनी, आणि ॲक्टिव्ह सर्व्हिसवरून किंवा हत्यार घेऊन पळाला असेल, परदेशी गेला असेल तर दहा वर्षांनी. तोवर घरी पगार नाही, कॅन्टीन कार्ड नाही, आणि नोकरी संपल्याचा कागदही नाही. बडतर्फ झाला की आधीची सगळी नोकरी पेन्शनपुरती पाण्यात. जवानाला १५ वर्षांवर पेन्शन मिळते. १७ वर्षं इमानानं काढली आणि १८ व्या वर्षी घसरला, तर १७ वर्षं गेली. अपवाद म्हणून वरून मंजुरी मिळू शकते, नियमात तशी जागा आहे, पण ती मागायची असते हेच बहुतेकांना माहीत नसतं. तुरुंगात जवान जातो, ते ठीक. पण पेन्शन बुडाली की भोगते बायको, जिनं १७ वर्षं एकटीनं घर चालवलं. माझ्या मते एवढी नोकरी झालेल्याची पेन्शन कापावी, पण शून्य करू नये. माझ्याच ट्रेडमधले काही जण या मताला नावं ठेवतात. ठेवोत.

दुसरं, जो नाही तो पळालाच असं धरणं. कारगिलच्या वेळी बेपत्ता झालेल्या एका सॅपर, म्हणजे इंजिनिअर दलातल्या जवानाला डिझर्टर समजलं गेलं होतं. तो पाकिस्तानच्या कैदेत होता, २००४ मध्ये सुटून आला, तोवर बायकोचं दुसरं लग्न झालेलं. सगळ्या देशानं टीव्हीवर तिची फरफट बघितली. घरचा माणूस सुट्टीवरून पलटणीकडे निघाला आणि पोचलाच नाही, तर घरच्यांनी पहिल्या आठवड्यात पोलिसात बेपत्ता म्हणून तक्रार नोंदवावी आणि पोच घ्यावी. ती पोच नसली की पुढे सात वर्षांनी मृत मानून कुटुंब पेन्शन मागायला गेलात तरी फाइलवर "डिझर्टर" हा शब्द आडवा येतो.

आझाद हिंद सेनेचं उदाहरण मला नेहमी कुणीतरी देतं. ब्रिटिशांची शपथ मोडली, तरी लोकांनी डोक्यावर घेतलं, लाल किल्ल्यावरच्या खटल्यात जन्मठेप झाली आणि १९४६ च्या जानेवारीत ब्रिटिश सरसेनापतीला ती रद्द करावी लागली. बरोबर आहे. पण ती माणसं एक पलटण सोडून दुसऱ्या लढाईत गेली होती. गोव्यात गेटवर उभं राहायला गेली नव्हती. तुलना करायची तर जरा लाजून करावी.

कुणी बडतर्फीविरुद्ध दाद मागायची म्हटली तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे फौजेतल्यांसाठीचं न्यायाधिकरण आहे. निवृत्त किंवा बडतर्फ माणूस जिथे राहतो तिथल्या बेंचकडे जाऊ शकतो. इथे आपल्या वाट्याला वेगळीच गंमत येते. चंदगडच्या माणसाला मुंबईचं बेंच, आणि शेजारच्याच आपल्या बेळगाववाल्याला कोचीचं. दोघं एकाच पलटणीत, एकाच खंदकात बसलेले असले तरी.

आता मावसभाऊ. त्याला पुढचं वाचून दाखवा.

उद्याच्या उद्या पलटणीत फोन कर. सीओ साहेबांना नको, कंपनीच्या सीनियर जेसीओंना, म्हणजे सुभेदार साहेबांना, किंवा हेडक्लार्कला. सांग, मी अमुक गाडीनं येतोय. खोटं कारण सांगू नकोस. मागची तारीख टाकलेलं खासगी डॉक्टरचं सर्टिफिकेट आम्ही क्लार्क लोक पाकीट उघडायच्या आधी ओळखतो. ते सापडलं की साध्या उशिराचं खोटेपणात रूपांतर होतं. खरोखर आजारी असशील, मनानं असलास तरी, तर आज बेळगावच्या मिलिटरी हॉस्पिटलात जा, ते तुझ्या पलटणीला कळवतील. घरची अडचण खरी असेल, तर ग्रामपंचायतीचा दाखला, बापाचे हॉस्पिटलचे कागद, जमिनीच्या वादाची नोटीस, जे खरं आहे ते घेऊन जा. पेशीत शिक्षा होईल. पण त्याच कागदांवर नंतर जवळच्या पोस्टिंगचा अर्ज करता येतो.

गोवा एक्सप्रेसचं तिकीट मिळालं नाही, पैसे नाहीत, तिथवर जायची हिंमत होत नाही, तरी घरी बसू नकोस. सुट्टीचा कागद आणि आयकार्ड खिशात घालून बेळगावच्या कॅम्पात आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरच्या गेटवर जा. पलटण दुसऱ्या रेजिमेंटची असली तरी चालेल, ते तुझ्या युनिटला कळवून पुढे पाठवतील. गेटवरच्या संतरीला नाव, नंबर, युनिट सांग आणि म्हण, हजर व्हायला आलोय. ते लिहून घेतील. तारीख आणि वेळ लिहिली का, ते तिथेच उभं राहून बघ, आणि त्याची एक प्रत मागून घे.